आधी डावी बाही

सव्वाचार किलो.
विट्याच्या दवाखान्यात सगळ्यांनी आधी वजनच सांगितलं,
सासूबाईंनी तर शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही.
पेढे आले. खांदा अडकला होता, हे कुणीतरी
स्टूल सरकवावं तसं
बोलता बोलता बाजूला सारलं.

डावा हात हलत नव्हता.
सिस्टर म्हणाली, झोपलाय अजून, उठेल.
ईश्वरी आता चौदा महिन्यांची आहे.
मी तेव्हापासून झोपलेले नाही, एवढंच.

मंगळवारी, शुक्रवारी मिरजेची एस.टी.
तासगावला ती जागी होते, सांगलीला रडते,
आणि मिरज येईस्तोवर माझ्या पदराला
दुधाचा, बिस्किटांचा, डिझेलचा एकच वास.
मुल्ला मॅडम म्हणतात, खांदा वर, दहा.
कोपर बाहेर, दहा. मनगट, दहा.
दर वेळी लंगोट बदलताना, विसरायचं नाही.
आणि कपडे घालताना आधी दुखरी बाही,
काढताना ती शेवटी.

मी भाकरी थापताना मोजते.
सासऱ्यांच्या तेराव्याला गुरुजींचे मंत्रही मोजले,
दहा झाले की परत एकपासून.

बाया विचारतात, पडली का गं?
मावसजावेच्या लग्नात, भर मे महिन्यात
मी तिला लांब हातांचा स्वेटर घातला.
रात्री पाठभर घामोळं.
त्या घामोळ्याला पावडर लावताना रडले मी,
हातासाठी तोवर कधी नाही.

हे यंत्रमागावर. बारा वर्षं.
डॉक्टर म्हणाले होते, शिरा म्हणजे दोऱ्यांसारख्या बघा,
काही ताणल्यात, एखादी तुटली असेल.
यांनी विचारलं, गाठ मारता येत नाही का?
डॉक्टर हसले. हे हसले नाहीत.
थांबलेल्या मागापाशी वाकून
तुटलेलं टोक शोधायचं, जिभेवर ओलं करायचं, जोडायचं,
की माग पुन्हा सुरू,
एवढंच तर यांना ठाऊक.
त्या रात्री यांनी तिची मान ते करंगळी
वितीनं मोजली.
शीर दिवसाला केसाएवढी वाढते म्हणतात.
दीड वीत. किती दिवस?
भिंतीवर पेन्सिलनं हिशेब आहे अजून, अर्धा.

मग दुसरी पाळी धरली यांनी.
घरात येणं म्हणजे जेवण आणि पाठ.
मला वाटायचं, बरं जमतं पुरुषांना,
मागाच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही.

दिवाळीच्या आधी एकदा तोंडातून गेलंच.
मी म्हणाले, कागदावर सही तुमची होती.
हे म्हणाले, कळा तुला येत होत्या, मला नव्हत्या.
ती मधे झोपलेली. उजव्या मुठीत
माझं बोट, डावा हात आपला
चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
त्यानंतर आम्ही फक्त गॅस, दूध, एस.टी.चे सुट्टे
एवढंच बोललो. दोन महिने.

परवा पहाटे लाइट गेलेली.
मोबाइलच्या उजेडात हे कामाला निघाले होते.
मी जागीच, डोळे मिटून.
यांनी खुंटीवरचा शर्ट काढला,
स्वतःचा डावा हात उजव्या हातानं धरला,
मनगटाखालून, जपून, दुखू नये असा,
आणि हळूच बाहीत सोडला.
मग खांदा थोडा वर.
ओठ हलत होते.

आवाज नव्हता, पण मला ऐकू आलं.
सातावर थांबले होते. मी मनात आठ म्हटलं.

उठले. म्हटलं, थांबा जरा, डबा देते.
हे म्हणाले, उशीर होतोय.
थांबले मात्र, दारात, बटणं लावत,
वरचं एक चुकीच्या काजात.
तेवढ्यात ती उठली, रडायला लागली,
आणि स्टोव्ह काही केल्या पेटेना.